माझ्या पेपरचा निकाल एकट्या मशीनवर सोडू नका

आदरणीय प्राचार्य सर, विभागप्रमुख मॅडम आणि संशोधन समितीतले सर्व सर,

सादर नमस्कार.

मी आपल्याच कॉलेजात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, समाजशास्त्र. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, बदनामी करायची नाहीये, आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच आणि ते याच कॉलेजमुळं झालं. पण माझा रिसर्च पेपर तुम्ही सॉफ्टवेअरच्या आकड्यांवरून परत केला, का केला ते मला समोर बसवून कोणी सांगितलं नाही, मी दोनदा लेखी अर्ज दिला, दोन्ही अर्जांवर ऑफिसचा आवक शिक्का आहे, महिना होऊन गेला तरी उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या ज्या पोरापोरींशी बोलले त्यांची थोड्याफार फरकानं हीच गत आहे.

आधी पेपर कशावर होता ते सांगते.

विषय तंत्रज्ञान आणि नैतिकता. मॅडम, तुम्हीच वर्गात दिलेल्या यादीतला विषय आहे हा. बाकीच्यांनी सोशल मीडिया, मोबाईलचं व्यसन असं काय काय घेतलं, मी रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन घेतलं. देशातला पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच खान्देशात दिला गेला, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. आमचं गाव तिथून फार लांब नाही. मग मला वाटलं की तंत्रज्ञान आणि नैतिकता म्हटल्यावर आपण अमेरिकेतल्या ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाड्यांबद्दल का लिहायचं, आपल्या दारातूनच तर हे सुरू झालंय.

आणि घरात आजी आहे. आजीनं उभं आयुष्य मिरचीच्या पथारीवर आणि कापसात काढलंय, मिरचीची देठं खुडून खुडून तिच्या बोटांची कातडी अशी झालीये की रेषा दिसतच नाहीत, हात लावला की कागदासारखं गुळगुळीत लागतं. रेशनला गेलो की दुकानदार काका तिचा अंगठा धरतात, फडक्यानं पुसतात, काचेवर दाबतात, मशीन नाही म्हणतं. मग दुसरा अंगठा, मग बोटं एकेक करून. मागं रांग खोळंबलेली असते, आजीला लाज वाटते. ती हात मागं घेते आणि म्हणते, मना आंगठाच उठत नही व माय. जशी काही तिचीच चूक. काका वाईट माणूस नाही, ते म्हणतात मी काय करू, मशीन घेत नाही. तीन चकरा झाल्यावर एकदा धान्य मिळालं, एकदा महिनाच गेला. अंगठा उठला नाही तर धान्य नाकारू नका असं केंद्रानं राज्यांना २०१७ सालीच कळवलेलं आहे, पण ते आजीला कोण सांगणार आणि आजी कोणाला दाखवणार.

तर माझ्या पेपरचा प्रश्न एवढाच होता की मशीननं नाही म्हटलं तर माणसानं जायचं कुठं, आणि त्या नाहीची जबाबदारी कोणाची. दोन गावांत चार महिने फिरले, पंधरा-वीस बायकांशी बोलले, अहिराणीत, ओट्यावर बसून. सुप्रीम कोर्टाचे दोन्ही निकाल वाचले, २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा, ज्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, आणि २६ सप्टेंबर २०१८ चा आधारचा, चार विरुद्ध एक. तो एकाचा वेगळा निकाल न्यायमूर्ती चंद्रचूड यांचा होता, तो समजून घ्यायला मला तीन आठवडे लागले कारण इंग्रजी जड जातं, पण वाचला.

आता तक्रारी सांगते.

पेपर मी मराठीत लिहिला होता. एम.ए.च्या परीक्षेचे सगळे पेपर मी मराठीत लिहिते, ते तुम्हाला चालतात. रिसर्च पेपर मात्र इंग्रजीतच पाहिजे असं ऐनवेळी सांगितलं, तेपण तोंडी, नोटीसबोर्डवर तसं काही नव्हतं. सर, इतिहासाचार्य राजवाडे गेले ते आपल्या धुळ्यात, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आहे, त्या माणसानं एवढं मोठं संशोधन आयुष्यभर मराठीतून मांडलं. आणि अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं ते १९१६ साली, म्हणजे नीती-अनीतीचा विचार या मातीत काही नवा नाही. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या कॉलेजात कार्यक्रम झाला, मी त्यात निवेदन केलं होतं. मग माझ्या आजीची गोष्ट मराठीत सांगितली तर ते संशोधन का नाही?

फॉरमॅटचं तर काय सांगू. तुमच्या सूचनापत्रात पहिल्या पानावर लिहिलंय संदर्भ द्यायला एपीए पद्धत वापरा, आणि सोबत जो नमुना दिलाय तो एमएलएचा आहे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एपीएत मजकुरात कंसात आडनाव आणि साल येतं, एमएलएत आडनाव आणि पान नंबर. मी एपीएनं केलं तर एका सरांनी लाल पेनानं सालं खोडली, एमएलएनं केलं तर दुसऱ्या सरांनी सालं कुठंयत म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा मी दोघांनाही एकत्र विचारायला गेले तर म्हणाले, मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टमधून बघून घे. मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट बघितला तर त्यात दोन्हीची खिचडी होती.

आणि फॉन्ट. मराठी पेपरला पण टाइम्स न्यू रोमन, साईज १२, डबल स्पेसिंग. सर, टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीयेत. तो निवडला तरी कॉम्प्युटर गुपचूप दुसराच मराठी फॉन्ट लावतो, आणि वर्डमध्ये देवनागरीची साईज वेगळ्या रकान्यात ठरवावी लागते, इंग्रजीची १२ केली म्हणजे मराठीची होतेच असं नाही. हे मला एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या दादानं रात्री साडेआठला दाखवलं, शटर अर्धं खाली ओढून बसला होता बिचारा माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या पानावर मोजपट्टी ठेवून मार्जिन मोजलं, डावीकडं एक इंच भरलं नाही कारण बाईंडिंगमध्ये गेलं, परत पाठवलं. आतलं एक वाक्य तरी वाचून परत पाठवलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. तीन प्रती, स्पायरल बाईंडिंग, दर वेळी चारशेच्या वर खर्च, एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून येणं-जाणं तरी जमलं. आमच्या वर्गातल्या एकीनं ह्याच चकरांना कंटाळून प्रोजेक्ट विकत घेतला, तयार मिळतो, तिचा पहिल्या फटक्यात पास झाला, मार्जिन बरोबर होतं. मला तिचा राग नाही येत. पण आपण पोरांना काय शिकवतोय हे तुम्ही बघायला पाहिजे.

मला सगळ्यात जास्त जे लागलंय ते आता सांगते.

परिशिष्टात तुम्ही काय मागितलं? ज्या बायकांशी बोलले त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि प्रत्येकीसोबत जिओटॅग फोटो, म्हणजे ज्याच्यावर गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ सगळं छापून येतं. कारण काय तर पुरावा पाहिजे की मी खरंच गेले होते. मी समजू शकते, खोटी सर्वेक्षणं घरी बसून भरणारे आहेत, तुम्हाला खात्री पाहिजे. पण सर, मी त्या बायकांना शब्द दिला होता. प्रत्येकीच्या ओट्यावर बसून म्हटलं होतं, मावशी तुमचं नाव कुठंच येणार नाही. तेव्हा कुठं त्या बोलल्या. एकीनं दुकानाबद्दल सांगितलं, नाव न घेता सांगते, अंगठा घेऊन वर्षभर धान्य कमी दिलं तिला. तिचं घर आणि दुकान यात पन्नास पावलं आहेत. तिचा फोटो, तिचं आधार, तिच्या गावाचा पत्ता असलेला प्रोजेक्ट लायब्ररीच्या कपाटात राहणार, कोणीही उघडून बघणार. उद्या तिला त्या दुकानावर परत जायचंय. संशोधनाची नीती म्हणून आपण पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात शिकतो ना, माहिती देणाऱ्याला इजा होऊ द्यायची नाही, त्याची संमती घ्यायची, त्याची ओळख जपायची. तो प्रश्न परीक्षेत आला होता, मी लिहिला, मला चांगले मार्क पडले. मग प्रत्यक्षात तसं वागले तर पेपर अपूर्ण कसा ठरतो? आणि आधार कायद्याच्या कलम २९ मध्ये स्पष्ट आहे की कोणाचा आधार नंबर असा उघड्यावर मांडायचा नाही. मी झेरॉक्स दिल्या नाहीत. देणारही नाही.

पुराव्याचं काय ते पण मी अर्जात लिहिलं होतं. माझ्या तीन दुरेघी वह्या आहेत, प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, काय बोललो, बाईंच्या नावाऐवजी क-१, क-२ असे नंबर. संमती मी तोंडी घेतली कारण बहुतेक जणींना वाचता येत नाही आणि तुम्ही दिलेला संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता. ज्यांनी हो म्हटलं त्यांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड आहे. गाईड मॅडमना मी म्हटलं होतं की माझ्यासोबत एक दिवस गावात चला, कोणाशीही बोला. अजूनही तयार आहे.

मग इंग्रजीत केलेला पेपर कॉपी आणि एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. दोन आकडे आले. साम्य, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारं, २७ टक्के, आणि एआय, म्हणजे मशीननं लिहिलेलं, ६८ टक्के. शेरा काय तर अस्वीकृत. बास. एवढंच.

आधी २७ टक्क्यांचं बोलू. मी तो रिपोर्ट बघायला मागितला, तीन दिवसांनी नुसता बघायला दिला, प्रत नाही. रंगवलेलं काय होतं? कायद्याची कलमं जशीच्या तशी, निकालातले उतारे जे मी अवतरणात, पान नंबर देऊन घेतलेत, आणि शेवटची संदर्भसूची अख्खी. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत वाङ्मयचौर्याबद्दल, त्यात लिहिलंय की संदर्भ देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याची भाषा हे सगळं वगळून मग टक्केवारी काढायची. १० टक्क्यांपर्यंत काही दंडच नाही, १० ते ४० आलं तरी विद्यार्थ्याला दुरुस्त करून परत द्यायची संधी आहे, सहा महिन्यांपर्यंत. सॉफ्टवेअरमध्ये ते वगळायची सोय असते, ती लावली नव्हती. दोन खुणा करायच्या राहिल्या म्हणून मी चोर ठरले.

आणि एआय. सर, मी शपथेवर सांगते की तो पेपर मी लिहिलाय. आधी मराठीत वहीत, मग त्याचं इंग्रजी केलं, अडलेल्या शब्दांना गूगल ट्रान्सलेट वापरलं आणि तसं ऋणनिर्देशात लिहिलं पण आहे, लपवलेलं काही नाही. माझं इंग्रजी साधं आहे. छोटी वाक्यं, ठरलेले शब्द, चूक व्हायला नको म्हणून तेच तेच वळण. हे एआय ओळखणारं टूल कसं चालतं ते मी मग समजून घेतलं. ढोबळ सांगायचं तर पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज जितका सहज लागतो तितकं ते लिखाण मशीनचं धरतात. आता ज्या पोरीजवळ इंग्रजीचे मोजकेच शब्द आहेत तिच्या पुढच्या शब्दाचा अंदाज लागणारच ना. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं, सात टूल घेतले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यात टाकले, आणि माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त मशीनचे ठरले. अमेरिकन शाळेतल्या आठवीच्या पोरांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. आणि चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्या ओपनएआयनंच स्वतःचं ओळखणारं टूल जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी आहे म्हणून. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना जे खात्रीनं सांगता येत नाही ते आपण एका आकड्यावरून कसं सांगतो?

मी विचारायला गेले तेव्हा मला जे उत्तर मिळालं ते मी विसरणार नाही. म्हणाले, आम्ही काय करणार, सॉफ्टवेअर दाखवतंय. मी दारातच उभी राहिले. मला रेशन दुकानातले काका आठवले, आजीचा हात आठवला. तिनं हात मागं घेतला होता तसा मी पेपर मागं घेतला आणि खाली आले, सायकल स्टँडवर बसले, आणि मग ठरवलं की नाही, मी मागं घेणार नाही.

कोणी म्हणेल मग एआय वापरणाऱ्यांना मोकळं सोडायचं का. अजिबात नाही. आमच्या वर्गात वापरतात, मला माहिती आहे, अख्खा पेपर दहा मिनिटांत काढून आणतात. ते पकडा. पण ते पकडायचं साधन तुमच्याजवळ आधीपासून आहे, समोर बसवा आणि प्रश्न विचारा. ज्यानं लिहिलं नाही त्याला दुसऱ्या प्रश्नाला घाम फुटतो. मला विचारा चंद्रचूडांनी काय वेगळं म्हटलं, क-७ नं काय सांगितलं, मी निष्कर्ष दोनदा का बदलला. तासभर विचारा.

अजून एक, थोडक्यात. पेपर जर्नलमध्ये छापून त्याची पावती जोडा असं आता नवीनच सांगताय, आणि तोंडानं केअर यादीतलं, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीतलं जर्नल म्हणताय. ती यादी यूजीसीनं २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जाहिराती फिरतात, पैसे भरा, दोन दिवसांत छापून देतो, कोणी वाचतही नाही. माझ्या बाबांची रोजंदारी किती ते तुम्हाला माहिती आहे सर, माझ्या फी सवलतीच्या अर्जावर तुमचीच सही आहे. असल्या जागी मी पैसे भरणार नाही आणि कोणत्याच विद्यार्थ्याला भरायला लावू नका.

मागण्या साध्या आहेत. पहिली, माझ्या पेपरवरचा अस्वीकृतचा शेरा थांबवा आणि मला समोर बसवून ऐका. यूजीसीच्या त्याच नियमांत विभागाच्या पातळीवर समिती नेमायची सांगितलीये, तिनं नैसर्गिक न्यायानं वागायचं असंही लिहिलंय, म्हणजे ज्याच्यावर ठपका आहे त्याचं ऐकून घ्यायचं. आपल्याकडं अशी समिती असेल तर तिचे सदस्य कोण ते जाहीर करा, नसेल तर नेमा. दोन्ही रिपोर्टची प्रत मला द्या, साम्याचा रिपोर्ट वगळायचं ते वगळून परत काढा. एआयच्या नुसत्या आकड्यावरून यापुढं कोणाचाच पेपर नाकारू नका, संशय असेल तर तोंडी परीक्षा घ्या. आणि एआय, ट्रान्सलेट, स्पेलिंग सुधारणारे ॲप यातलं काय चालेल, काय चालणार नाही, काय सांगून वापरायचं हे वर्षाच्या सुरुवातीला एका पानावर मराठीत लिहून लावा, म्हणजे नंतर कोणाची फसगत नको.

आधार झेरॉक्स आणि चेहरा दिसणारे जिओटॅग फोटो मागणं आजच्या आज बंद करा. आधी ज्यांच्याकडून घेतलेत ते प्रोजेक्ट लायब्ररीच्या उघड्या कपाटातून काढा, ती पानं वेगळी करा. ही मागणी माझ्या पेपरपेक्षा महत्त्वाची आहे, बाकीचं पुढं ढकललं तरी चालेल, हे ढकलू नका. संमतीचा फॉर्म मराठीत करा, अहिराणी, भिलीत वाचून दाखवायची मुभा ठेवा.

मराठीत पेपर स्वीकारा. एकच पद्धत ठरवा, एपीए म्हणा नाहीतर एमएलए, आणि तिचा मराठी नमुना द्या, युनिकोड फॉन्टचं नाव घालून. आम्ही तीन-चार जणी मिळून असा नमुना तयार करून द्यायला तयार आहोत, झेरॉक्सवाला दादा पण मदत करतो म्हणालाय.

तिसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्टचे ४ क्रेडिट, चौथ्याला ६. माझे तिसऱ्याचे अडकलेत, चौथं सुरू होऊन महिना झाला. वर्ष गेलं तर घरी काय बोलणी सुरू होतील ते गावाकडच्या मुलींना सांगायला नको.

सोमवार ते शनिवार मी अकरा ते चार कॉलेजात असते. वह्या, रेकॉर्डिंग, मराठीतला पहिला खर्डा सगळं पिशवीत घेऊन येईन. फक्त तारीख आणि वेळ लेखी कळवा, आणि त्या दिवशी गाईड मॅडमना पण बसू द्या.

आपली विद्यार्थिनी,
एम.ए. द्वितीय वर्ष, समाजशास्त्र